किआरीचं ऑपरेशन: तीन न्यूरोसर्जन, तीन मतं. कोणाकडे करायचं हे ठरवायचं कसं?

सांजवेळ

नमस्कार मंडळी. एरवी नुसती वाचत असते, आज स्वतःहून धागा काढतेय. थोडा लांबेल.

माझी धाकटी बहीण, वय ३४. चार वर्षं डोकं दुखतंय. दुखतं ते मागे, मान जिथे कवटीला मिळते तिथे. खोकला, शिंक, जोरात हसणं, वाकून काही उचलणं, यातलं काहीही झालं की कळ उठते आणि ती दोन्ही हातांनी मान धरून खाली बसते. अर्ध्या मिनिटात कळ ओसरते, ठणका राहतो. मायग्रेनच्या गोळ्या झाल्या, चष्म्याचा नंबर बदलून झाला, "ताण घेऊ नका" हेही ऐकून झालं. दोन महिन्यांपूर्वी इस्त्री करताना तिचं मनगट तापलेल्या पत्र्याला टेकलं आणि टेकलेलंच राहिलं. तिला कळलं ते वासाने. त्यानंतर एमआरआय झाला.

रिपोर्ट असा: किआरी मालफॉर्मेशन टाइप १. लहान मेंदूचे टॉन्सिल्स, म्हणजे तळाची दोन टोकं, कवटीच्या बुडातून ९ मिमी खाली उतरलेत. मज्जारज्जूत सिरिंक्स, म्हणजे पाण्याने भरलेली पोकळी, मानेच्या चौथ्या मणक्यापासून छातीच्या दुसऱ्या मणक्यापर्यंत.

तीन न्यूरोसर्जन झाले. ऑपरेशन लागेल यावर तिघांचं एकमत. पुढे तीन वाटा. पहिले म्हणतात, मागचं थोडं हाड काढून जागा करू, ड्यूराला, म्हणजे मेंदूभोवतीच्या जाड आवरणाला, हात लावायचा नाही. दुसरे म्हणतात, ड्यूरा उघडून ठिगळ लावल्याशिवाय सिरिंक्स हटणार नाही. तिसरे म्हणतात, मुळात पहिले दोन मणके एकमेकांवर हलतायत, ते स्क्रूने जोडा, बाकी आपोआप सुधारेल. तिघेही ज्येष्ठ, तिघेही ठाम.

नावं नकोत, आपण सगळे वेगवेगळ्या ठिकाणचे आहोत. मला हवंय ते हे: तुम्ही निवड कशी केलीत? काय विचारलंत? काय विचारायचं राहिलं?

खडीसाखर

इस्त्रीचं वाचून अंगावर काटा आला. ताई, बहिणीला सांभाळा. माझा अनुभव नाही, पण वाचतेय.

पाऊलवाट

माझं ऑपरेशन होऊन सहा वर्षं झाली. ड्यूराप्लास्टीसह, म्हणजे ड्यूरा उघडून ठिगळ लावून. टॉन्सिल्स ११ मिमी होते, सिरिंक्स होता.

मी चार जणांना भेटलो. पहिल्या तिघांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि ऑपरेशनची तारीख सुचवली. चौथ्या बाईंनी फिल्म पाकिटातच ठेवली. आधी मला एका रेषेत, टाचेला पंजा लावून चालायला सांगितलं. मी तिसऱ्या पावलाला झोकांडलो. मग काचेच्या दोन नळ्या, एकीत गरम पाणी, एकीत गार, आणि डोळे मिटायला लावून खांद्यापासून बोटांपर्यंत एकेक जागी टेकवत "कोणती?" असं विचारत गेल्या. डाव्या खांद्यावर मी चार वेळा चुकलो. डोळ्यांची हालचाल पाहिली, घशात काडी लावून पाहिली, रात्री घोरताना श्वास थांबतो का हे माझ्या बायकोला विचारलं. या सगळ्याला पाऊण तास गेला. फिल्म त्यानंतर.

मी त्यांच्याकडेच केलं. पहिले तिघे कदाचित जास्त नावाजलेले असतील. पण माझ्या शरीरात काय बिघडलंय याची नोंद फक्त यांच्याकडे होती. ऑपरेशननंतर काय सुधारलं हेही त्यामुळे त्याच सांगू शकल्या.

तुमच्या तिघांपैकी कोणी बहिणीला हात लावून तपासलं?

सांजवेळ

@पाऊलवाट, दुसऱ्यांनी तपासलं, पूर्ण. तिसऱ्यांनी रिफ्लेक्स पाहिले. पहिल्यांनी फक्त एमआरआय.

त्रिज्या

तपासणी महत्त्वाची आहेच, पण मी आकड्यांवर जाईन. प्रत्येकाला सरळ विचारा: वर्षाला किआरीची किती ऑपरेशनं तुम्ही स्वतः करता? त्यात मोठ्या माणसांची किती? किती जणांचं मेंदूभोवतीचं पाणी जखमेतून गळलं? किती जणांना पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं?

पहिल्या आणि दुसऱ्या मतातला वाद जुना आहे. २००८ मध्ये लहान मुलांवरच्या अभ्यासांची एकत्रित आकडेमोड प्रसिद्ध झाली होती. ड्यूरा उघडून ठिगळ लावलेल्यांत पुन्हा ऑपरेशनची वेळ २.१ टक्क्यांना आली, फक्त हाड काढलेल्यांत १२.६ टक्क्यांना. पण मेंदूभोवतीच्या पाण्याशी संबंधित गुंतागुंत नेमकी उलटी: ठिगळवाल्यांत १८.५ टक्के, हाडवाल्यांत १.८ टक्के. म्हणजे पहिले सर्जन चुकीचे आणि दुसरे बरोबर, असं नाही. ते वेगवेगळे धोके पत्करतायत. अमेरिकेतल्या काँग्रेस ऑफ न्यूरोलॉजिकल सर्जन्स या न्यूरोसर्जनांच्या संघटनेने २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातही पहिल्या ऑपरेशनसाठी दोन्ही पद्धतींना मोकळीक आहे.

रानवारा

@त्रिज्या, आकडे मान्य. तरी आकड्यांच्या मागे लागून आम्ही जे भोगलं ते सांगतो.

माझ्या मोठ्या भावाचं. घरापासून नऊ तासांवर एक सर्जन, किआरीची भरपूर ऑपरेशनं केलेले. तिथे गेलो, ऑपरेशन छान झालं, पाचव्या दिवशी घरी आलो. नवव्या रात्री वहिनीला उशी ओली लागली. घाम असेल म्हणून अभ्रा बदलला. सकाळी परत ओली. टाक्यांच्या खालच्या टोकातून पाण्यासारखा स्वच्छ थेंब येत होता, वाकला की दोन. तिकडे फोन केला तर ओपीडीतल्या माणसाने "सोमवारी या" सांगितलं. दिवस होता गुरुवार. इथल्या हॉस्पिटलात गेलो तर "ज्यांनी केलं त्यांच्याकडेच जा". शेवटी रुग्णवाहिकेतून नऊ तास. तोवर ताप चढला होता. मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाला जंतुसंसर्ग. कमरेत पाणी काढायची नळी, पुन्हा टाके, अँटिबायोटिक्स, तीन आठवडे मुक्काम.

भाऊ आज ठीक आहे. सर्जनच्या हाताला मी नाव ठेवत नाही, गळती चांगल्या हातूनही होते. पण रात्री अडीच वाजता कोणाला फोन करायचा हा प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता. माझ्या मते तो पहिला प्रश्न आहे. कमी ऑपरेशनं केलेला पण जवळचा, फोन उचलणारा सर्जन मी आज निवडेन.

त्रिज्या

@रानवारा, वाचून वाईट वाटलं. पण निष्कर्ष पटत नाही. लांबच्या सर्जनकडे करून तिथेच दोन-तीन आठवडे राहता येतं. वर्षात एखादं किआरी करणारा सर्जन जवळ आहे म्हणून निवडला, तर गळतीची शक्यताच वाढेल.

रानवारा

दोन-तीन आठवडे परक्या गावात राहणं सगळ्यांना जमत नाही हो. लहान मुलं असतात, नोकरी असते.

रातराणी

मी भूलतज्ज्ञ आहे, किआरीच्या बऱ्याच रुग्णांना भूल दिली आहे. तुम्ही दोघंही आपापल्या जागी बरोबर आहात, म्हणून ऑपरेशन थिएटरच्या आतलं थोडं सांगते.

रुग्णाला पालथं झोपवतात. डोकं तीन खिळ्यांच्या चिमट्यात घट्ट धरलेलं असतं, मान किंचित पुढे वाकवलेली. ही मान वाकवणं हाच एक नाजूक क्षण असतो, कारण जागा आधीच कमी आणि मज्जारज्जू दबलेला. श्वासाची नळी घालतानाही आम्ही मान मागे ताणत नाही. मग मधोमध चीर, स्नायू बाजूला, कवटीच्या बुडाचं साधारण ३ सेंमी रुंद हाड आणि पहिल्या मणक्याची मागची कमान काढतात. हाड जास्त काढलं तर पुढे लहान मेंदूच त्या भोकातून खाली घसरतो, कमी काढलं तर दाब सुटत नाही. हा अंदाज अनुभवानेच येतो, म्हणून @त्रिज्यांचा मुद्दा मला पटतो.

ठिगळ शिवून झालं की सर्जन मला म्हणतात, "दाब द्या." मी फुप्फुसांत हवेचा दाब वाढवून काही सेकंद धरते. खोकताना जसा दाब वाढतो तसंच. सगळे वाकून शिवणीकडे बघतात. कुठे थेंब दिसला की तिथे आणखी एक टाका, आणि पुन्हा दाब. काही सर्जन ही चाचणी तीन-तीन वेळा करायला लावतात. मला असे सर्जन आवडतात. तुम्ही बाहेर बसून हे विचारू शकता: "शिवण पाणबंद आहे हे तुम्ही कसं तपासता?" उत्तर देताना त्यांचा चेहरा बघा.

आणि @सांजवेळ, चटका न कळण्याबद्दल. सिरिंक्स मज्जारज्जूच्या मधोमध वाढतो. वेदना आणि गरम-गार यांचे तंतू तिथूनच बाजू ओलांडतात, म्हणून आधी ते तुटतात. स्पर्शाचे तंतू मागून जातात, ते वाचतात. त्यामुळे हात लावलेला कळतो पण भाजलेलं कळत नाही. तोवर तिला स्वयंपाकघरात गरम भांड्यांपासून जपायला सांगा. अंघोळीच्या पाण्याचा अंदाज हाताने नको, दुसऱ्या कोणी घ्यावा.

सांजवेळ

रातराणी, हे आम्हाला आजवर कोणीच इतकं नीट सांगितलं नव्हतं. बहिणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे मला वेड लागलेलं नाही."

कवडसा

'चिआरी' की 'किआरी'? आमच्याकडे सगळे डॉक्टर चिआरी म्हणतात.

त्रिज्या

किआरी. हान्स किआरी, ऑस्ट्रियन पॅथॉलॉजिस्ट, प्रागमध्ये काम करायचे. १८९१ मध्ये त्यांनी या विकृतीचे प्रकार पहिल्यांदा मांडले, १८९६ मध्ये चौथा प्रकार जोडला. काही रिपोर्टवर 'अर्नोल्ड-किआरी' असतं, ते नाव खरं टाइप २ साठी, जो पाठीच्या कण्याच्या जन्मजात उघड्या दोषासोबत येतो. टाइप १ च्या रिपोर्टवर ते दिसलं तर घाबरू नये.

कवडसा

धन्यवाद. आमच्या आजीने 'टॉन्सिल्स' ऐकून विचारलं होतं, "घसा दुखतोय तर डोकं का उघडतायत?" तिला समजावता समजावता आम्हा सगळ्यांनाच नीट समजलं. लहान मेंदूच्या तळाशी दोन गोलसर टोकं असतात, घशातल्या गाठींसारखी दिसतात म्हणून तेच नाव.

निळावंती

थोडं वेगळं मत. सगळ्यांनाच ऑपरेशन लागत नाही, हेही इथे लिहिलेलं असू दे. मला अपघातानंतर काढलेल्या एमआरआयमध्ये किआरी 'सापडला', ६ मिमी. मला काहीच त्रास नव्हता. एका सर्जनने लगेच ऑपरेशन सुचवलं, दुसऱ्याने पूर्ण मणक्याचा एमआरआय काढला, सिरिंक्स नाही म्हटल्यावर "वर्षाने या" सांगितलं. आठ वर्षं झाली, अजून काही नाही.

२००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २२,५९१ जणांचे एमआरआय तपासले होते. १७५ जणांचे टॉन्सिल्स ५ मिमीहून खाली होते, त्यातल्या २५ जणांना काहीच लक्षणं नव्हती. मिलिमीटर बघून कोणी तारीख देत असेल तर तिथून उठावं, असं मला मनापासून वाटतं.

पाऊलवाट

+१. पण @सांजवेळ यांच्या बहिणीला सिरिंक्स आहे, संवेदना गेलीय. तिथे थांबणं महागात पडेल. गेलेली संवेदना परत येतेच असं नाही. माझा डावा खांदा अजून गरम-गार ओळखत नाही. खोकल्याची कळ मात्र पहिल्या आठवड्यातच गेली.

ऋतुपर्ण

ऑपरेशनआधी मान ओढून बघितली का? आमच्या ओळखीत एकांनी मानेची मालीश आणि झटका देऊन मान मोकळी करून घेतली, बरं वाटलं म्हणतात.

रातराणी

कृपया नको. किआरी आणि सिरिंक्स असताना मानेला झटका देणं धोक्याचं आहे. मज्जारज्जूला इजा होऊ शकते. ज्यांना बरं वाटलं त्यांचं दुखणं वेगळं असेल.

ऋतुपर्ण

माहीत नव्हतं. ओळखीतल्यांनाही सांगतो.

माळरान

आमची चूक सांगते, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

माझ्या जावेला डोकेदुखी, टॉन्सिल्स ७ मिमी, सिरिंक्स नाही. एका मोठ्या हॉस्पिटलात किआरीचं ऑपरेशन झालं. तीन महिने बरे गेले, मग डोकेदुखी परत, शिवाय वाकली की डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी. आम्ही सर्जनकडे दोनदा गेलो, "जखम भरतेय" एवढंच ऐकलं. शेवटी नेत्रतज्ज्ञांनी बाहुली मोठी करून पडदा पाहिला आणि म्हणाले, डोळ्याच्या नसेला सूज आहे. कमरेतून पाण्याचा दाब मोजला, तो भरपूर वाढलेला. मूळ आजार कवटीतला वाढलेला दाब, त्यानेच टॉन्सिल्स खाली ढकलले होते. हाड काढून मूळ दुखणं जाणारच नव्हतं. तिची एका बाजूची नजर थोडी गेली ती गेलीच.

नेत्रतज्ज्ञांच्या तपासणीला दहा मिनिटं लागली होती. ऑपरेशनआधी कोणी सांगितलं असतं तर! जो सर्जन किआरीच्या ऑपरेशनआधी डोळ्यांचा पडदा तपासून आणायला सांगतो, त्याच्यावर माझा विश्वास बसेल.

रातराणी

@माळरान, फार मोलाचं लिहिलंत. उलटंही होतं. पाठीच्या कण्यात कुठे पाणी झिरपत असेल तर कवटीतला दाब कमी होऊन मेंदू खाली बसतो, एमआरआयवर किआरीसारखंच दिसतं. अशा रुग्णाला उभं राहिलं की दुखतं, आडवं झालं की बरं वाटतं. त्याचा उपाय झिरपणं बंद करणं हा आहे. म्हणून "दुखतं कधी?" हा साधा प्रश्न सर्जनने विचारायलाच हवा.

पारिजात

आमचा मुलगा सात वर्षांचा. डोकं कधीच दुखलं नाही. शाळेत गणवेश घालताना एक खांदा वर दिसायला लागला म्हणून अस्थितज्ज्ञांकडे नेलं. कणा डावीकडे झुकलेला. ते म्हणाले, हा बाक नेहमीच्या बाजूचा नाही, एमआरआय करा. किआरी आणि सिरिंक्स निघाला.

मुलांसाठी मुलांचेच न्यूरोसर्जन बघा, एवढंच सांगेन. आमच्या डॉक्टरांनी बाळाला स्वतःच्या टेबलावर बसवून त्याच्या अस्वलाच्या मानेला पट्टी बांधून दाखवली. आकडे सांगायला सांगितले भूल देताना, तर तो सत्तावीसपासून उलटे म्हणायला लागला कारण "वीसपासून सोपं असतं". दोन वर्षांत सिरिंक्स निम्म्याहून कमी झाला, कण्याचा बाकही थांबला.

खडीसाखर

अस्वलाची पट्टी! किती गोड. बाळाला खूप आशीर्वाद.

उंबरठा

तिसऱ्या मताबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो.

पहिला-दुसरा मणका जोडण्याचा विचार मुंबईचे न्यूरोसर्जन डॉ. अतुल गोयल यांनी मांडला. २०१५ मध्ये त्यांनी ६५ रुग्णांचा निबंध प्रसिद्ध केला. किआरीचं मूळ त्या दोन मणक्यांच्या अस्थिरतेत आहे आणि टॉन्सिल्स खाली येणं हा शरीराने केलेला बचाव आहे, असं त्यांचं म्हणणं. जगभरात यावर खूप चर्चा झाली. बहुतेक सर्जन अजूनही ज्यांच्यात अस्थिरता दिसते त्यांनाच स्क्रू घालतात.

माझ्या वडिलांना स्क्रू घातले. पण त्यांच्या दुसऱ्या मणक्याचं टोक वर कवटीत घुसलेलं होतं, मेंदूचा देठ पुढून दबत होता. नुसतं मागचं हाड काढलं असतं तर आणखी बिघडलं असतं, असं सर्जनने सीटी स्कॅनवर पेन्सिलीने रेषा मारून दाखवलं. ऑपरेशनने ते चालायला लागले. मान वळवणं मात्र निम्म्यावर आलं, कारण मान फिरते त्यातला जवळजवळ अर्धा भाग याच दोन मणक्यांत असतो. हाक मारली की ते आता खांद्यासकट वळतात. तक्रार करत नाहीत, पण आधी माहीत असावं.

म्हणून तिसऱ्या सर्जनना विचारा: मणके हलतात हे कशावरून? मान पुढे-मागे वाकवून काढलेले एक्स-रे कुठायत?

सांजवेळ

@उंबरठा, तसे एक्स-रे काढलेच नव्हते. सीटीही नाही. या आठवड्यात दोन्ही करून घेते, डोळ्यांचा पडदाही. सगळ्यांचे प्रश्न वहीत उतरवलेत. बहिणीने वहीवर 'परीक्षा' असं लिहिलंय, डॉक्टरांची.

पाऊलवाट

आणखी दोन प्रश्न लिहा. एक: "चीर ते टाके, सगळं तुम्ही स्वतः करणार, की कोणता भाग दुसरं कोणी करेल?" शिकाऊ डॉक्टर मदतीला असतात यात गैर नाही, पण ड्यूरा कोण शिवणार हे कळायला हवं. दोन: "सिरिंक्स कमी झाला नाही तर पुढे काय?" घाईने दुसरं ऑपरेशन सुचवणारे असतात. @त्रिज्यांनी सांगितलेल्या तत्त्वांत ६ ते १२ महिने वाट बघा म्हटलंय.

त्रिज्या

हो, तसंच आहे. आणि @रानवारा, तुमच्यावर विचार करत होतो. अनुभव कमी चालेल हे मला अजून पटत नाही. पण अनुभवी सर्जनला "तुमच्याकडे गळती झाली तर आमच्या गावात कोण बघेल?" हे आधीच विचारून, तिथल्या डॉक्टरांशी त्यांचं बोलणं करून घ्यावं, हे पटलं. माझ्या यादीत ते नव्हतं.

रानवारा

एवढं झालं तरी पुष्कळ. आमच्या वेळी कोणी केलं असतं तर ते रुग्णवाहिकेतले नऊ तास वाचले असते.

सांजवेळ

तीन आठवड्यांनी लिहितेय.

डोळ्यांचे पडदे स्वच्छ. एक्स-रे आणि सीटीत मणके जागेवर, हालचाल नाही. तिसऱ्या डॉक्टरांना हे दाखवलं. ते म्हणाले, हालचाल दिसली नाही तरी ती असू शकते. त्यांचं म्हणणं त्यांनी शांतपणे, वेळ देऊन समजावलं. पण न दिसणाऱ्या हालचालीसाठी बहिणीची अर्धी मान बांधून टाकायला आमचं मन होईना.

पहिल्या डॉक्टरांकडे गेलो. मी विचारलं, सिरिंक्स एवढा असताना नुसतं हाड पुरेल का? त्यांनी या वेळी तिला तपासलं, नळ्यांनी नाही पण टाचणीने. मग बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "संवेदना इतकी गेलीय हे मला आधी कळलं नव्हतं. मीही आता ड्यूरा उघडेन. पण मोठ्या माणसांची मी वर्षाला दोन-तीनच करतो. दुसऱ्यांकडेच करा." मला त्यांच्याबद्दल आदर वाटला.

दुसऱ्यांना सगळी वही वाचून दाखवली. दाबाची चाचणी? दोनदा करतात. ठिगळ कशाचं? तिच्याच कवटीवरच्या आवरणाचं, त्याच चिरेतून काढून. गळती? गेल्या चाळीस रुग्णांत तिघांना, एकाला पुन्हा शिवावं लागलं. आकडा त्यांनी पाठ म्हटला नाही, कपाटातली स्वतःची डायरी काढून मोजला. रात्री फोन? वॉर्डाचा आणि स्वतःचा, दोन्ही नंबर लिहून दिले. मनगटाची संवेदना परत येईल का? "वचन देत नाही. कळ जाईल असं मला वाटतं, सिरिंक्स वाढायचा थांबेल अशी आशा आहे. हाताचं काही सांगू शकत नाही." बहीण त्यांना म्हणाली, "हेच ऐकायचं होतं." पुढच्या मंगळवारी ऑपरेशन आहे.

रातराणी

डायरी काढून मोजणारा सर्जन. छान निवडलंत. भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशी भेटा आणि रात्री श्वास थांबत असेल तर नक्की सांगा.

पाऊलवाट

पहिले दोन दिवस मान लाकडासारखी होईल, मळमळही होते. कूस बदलताना डोकं आणि खांदे एकत्र वळवा, कोणाला तरी हात लावायला सांगा. पुढून बटणांचे कपडे न्या, डोक्यातून घालायचे अजिबात नकोत. आणि कुंथायला लागू नये म्हणून पोट साफ राहण्याचं औषध मागून घ्या, याची आठवण कोणी करत नाही.

माळरान

दुसऱ्या आठवड्यात ताप आणि डोकेदुखी आली तर थांबू नका, त्याच दिवशी फोन करा.

खडीसाखर

मंगळवारी सगळ्यांच्या शुभेच्छा तुमच्यासोबत.

सांजवेळ

आज अकरावा दिवस. उशी कोरडी आहे. मी रोज पहाटे हात लावून बघते, बहीण झोपेतच म्हणते "कोरडी आहे गं". काल तिला शिंक आली. दोन्ही हात सवयीने मानेकडे गेले आणि तिथेच थांबले. कळ आलीच नाही. मनगट अजून तसंच आहे. टाके परवा काढतील, एमआरआय काही महिन्यांनी.

@रानवारा, डिस्चार्जच्या वेळी सर्जननी आमच्या इथल्या एका डॉक्टरांना आमच्यासमोर फोन केला. तुमच्यामुळे.

रानवारा

भावाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, त्यांना माझा नमस्कार सांग.

ओंजळ

हा धागा शोधत शोधत आले. आजच माझ्या मुलाचा रिपोर्ट हातात आला. वय १६, टॉन्सिल्स ६ मिमी. सिरिंक्सबद्दल काही लिहिलेलं नाही. डॉक्टर म्हणाले न्यूरोसर्जनना दाखवा, महिन्याभरात ऑपरेशन करून टाकू. हातपाय गळालेत. कोणाकडे जाऊ?

सांजवेळ

ओंजळ, बसा आधी. महिन्याभरात काही करावं लागेलच असं नाही. पूर्ण मणक्याचा एमआरआय झालाय का? आणि त्याला दुखतं कधी? खोकल्यावर? आधी तेवढं सांगा.